पडद्यावरील भाव आणि घरातील पुंजी

वर्तमानपत्राने आपला अग्रलेख आतल्या पानावरून उचलून पहिल्या पानावर आणावा, असे प्रसंग थोडेच येतात. युद्ध, दुष्काळ, लोकनेत्याचे निधन किंवा राज्यावर कोसळलेली आपत्ती, अशा वेळी हा प्रघात पाळला जातो. आज यांपैकी काही घडलेले नाही. परंतु सामान्य कुटुंबाने पोटाला चिमटा घेऊन साठविलेल्या पुंजीचे पुढे काय होते, हा प्रश्नही तितक्याच योग्यतेचा आहे, असे आम्हांस वाटते. त्या पुंजीला वाट दाखविण्याचे काम ज्या नव्या साधनाने पाव शतकापूर्वी हाती घेतले, त्या दूरचित्रवाणीवरील अर्थवाहिनीच्या कर्तृत्वाचा आणि कर्तव्याचा हिशेब आज मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

सक्करदऱ्याच्या चौकात कामकाजाच्या दिवशी सकाळी सव्वानऊच्या सुमारास क्षणभर थांबावे. एका बाजूने उमरेड मार्गाची रहदारी, दुसऱ्या बाजूने आयुर्वेद महाविद्यालयाकडे निघालेले विद्यार्थी, आणि एखाद्या दुकानाच्या भिंतीवरील पडद्याच्या खालच्या कडेने सरकत जाणारी हिरव्या-तांबड्या आकड्यांची पट्टी, असे दृश्य नजरेस पडते. भोसल्यांचा वाडा, ताजुद्दीनबाबांचे वास्तव्य आणि जुना तलाव यांमुळे ज्या वस्तीची ओळख झाली, त्या वस्तीत आज मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरचा भाव जवळजवळ ठरताक्षणीच दिसतो. बुधवारच्या बाजारात मेथीची जुडी घेताना दहादा घासाघीस करणारा गृहस्थ त्या पट्टीकडे पाहून हजारोंचा सौदा पळभरात करून मोकळा होतो. या दृश्यात प्रगती किती आणि भूल किती, हे एकदा शांतपणे तपासले पाहिजे.

नागपूरचा आणि शेअरचा संबंध नवा नाही. जमशेटजी टाटांनी १८७४ साली १५ लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी या शहरात एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस जेथे पिकतो तेथेच गिरणी असावी, हा त्यामागचा विचार होता. शेअर म्हणजे त्या गिरणीच्या चात्यांत, कापसाच्या गाठींत आणि वर्षाअखेरच्या नफ्यात असलेला आपला वाटा, हा अर्थ त्या काळी डोळ्यांना दिसत असे. मात्र त्या वाट्याचे मोल आज काय आहे, ही वार्ता सामान्य भागधारकाला फार उशिरा मिळे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि शेतमालाचे बाजारभाव घरात ऐकू येऊ लागले. शेअरचा भाव मात्र दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचावा किंवा दलाल सांगेल तो खरा मानावा, अशीच रीत पुढे कित्येक दशके चालली. ज्याला मुंबईतील बातमी आधी कळे तो विकून मोकळा होई, आणि ज्याला ती उशिरा कळे त्याची गत ‘बैल गेला आणि झोपा केला’ अशी होई.

ही विषमता दोन टप्प्यांनी मोडली. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकाच्या पडद्यावरून शेअरचे व्यवहार सुरू केले आणि १९९५ साली मुंबई शेअर बाजारानेही तीच वाट धरली. हातवारे आणि आरोळ्यांचा बाजार शांत झाला व भाव साऱ्या देशात एकच झाला. दुसरा टप्पा डिसेंबर १९९९ चा. अमेरिकेत १९८९ साली जन्मलेल्या सीएनबीसी या वाहिनीच्या सहकार्याने राघव बहल यांच्या टेलिव्हिजन एटीन या संस्थेने भारतात अखंड अर्थवार्ता देणारी वाहिनी सुरू केली. तीच पुढे सीएनबीसी-टीव्ही१८ या नावाने प्रसिद्धीस आली. दिवसभर केवळ बाजार, कंपन्या आणि अर्थकारण यांच्याच बातम्या कोण पाहणार, अशी शंका त्या वेळी घेणारे पुष्कळ होते. त्या शंकेला काळानेच उत्तर दिले. जानेवारी २००५ मध्ये त्याच संस्थेची ‘आवाज’ ही हिंदी वाहिनी आणि एनडीटीव्हीची ‘प्रॉफिट’ ही इंग्रजी वाहिनी सुरू झाली. २००९ साली ‘ईटी नाऊ’ अवतरली. २०१४ साली ‘सीएनबीसी बाजार’ ही गुजराती वाहिनीही निघाली. हा मार्ग निष्कंटक नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. ‘प्रॉफिट’ २०१७ साली बंद पडली आणि डिसेंबर २०२३ मध्ये नव्या मालकीखाली पुन्हा उभी राहिली.

या वाहिन्यांच्या कामगिरीला कमी लेखणे हा कृतघ्नपणा ठरेल. केंद्रीय अर्थसंकल्प पूर्वी सायंकाळी पाच वाजता मांडला जाई. १९९९ पासून तो सकाळी अकराला मांडला जाऊ लागला, आणि त्याच वर्षाअखेर आलेल्या या वाहिनीने अर्थसंकल्पाच्या दिवसाला सार्वजनिक चर्चेचे रूप दिले. वित्तीय तूट, रेपो दर, चलनवाढ हे शब्द विद्यापीठाच्या वर्गातून निघून घराच्या ओसरीपर्यंत पोहोचले. कंपनीचे तिमाही निष्कर्ष जाहीर होताच तिच्या प्रमुखाला कॅमेऱ्यापुढे बसून प्रश्नांना उत्तरे द्यावी लागू लागली. पूर्वी तो वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत भागधारकांना तोंड दाखवी, तेही दाखविलेच तर. १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स कोसळली, ७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम’च्या अध्यक्षाने हिशेबातील लबाडीची कबुली दिली, या दोन्ही वेळी काय घडत आहे हे नागपूरच्या गुंतवणूकदाराला मुंबईच्या गुंतवणूकदाराबरोबरच कळले. मार्च २०२० मध्ये देशातील डीमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती, ती ऑगस्ट २०२२ मध्ये दहा कोटींच्या पुढे गेली. या वाढीचे श्रेय एकट्या वाहिन्यांचे नाही. हातातल्या फोनचे आणि टाळेबंदीतील रिकाम्या वेळाचेही ते आहे. परंतु बाजाराची भीती घालविण्याचे काम वाहिन्यांनी वीस वर्षे आधीपासून चालविले होते, हे मान्य केलेच पाहिजे. या गुंतवणूकदारांत महाराष्ट्राचा क्रमांक देशात पहिला आहे.

येथवर जमेची बाजू झाली. आता खर्चाची पाहू. वार्ता समान झाली म्हणून ज्ञान समान होत नाही, ही या साऱ्या विषयातली मुख्य गोष्ट आहे. भाव सांगणे निराळे आणि हिशेब सांगणे निराळे. अर्थवाहिनीने आम्हांला भाव दिला. हिशेब देण्यात ती पुष्कळदा उणी पडली. १९९२ सालचा रोखे घोटाळा उजेडात आला तो चिकाटीने कागद तपासणाऱ्या एका वर्तमानपत्री बातमीदार स्त्रीमुळे, हे आठवण्यासारखे आहे. सुचेता दलाल यांच्या त्या बातमीच्या वेळी देशात एकही अर्थवाहिनी नव्हती. पुढे अर्थवाहिनी आली, चोवीस तास चालू राहिली, आणि तरीही आमच्या घराजवळ जे घडायचे ते घडलेच.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची कथा या शहराला सांगण्याची गरज नाही. पण ती विसरू न देण्याची गरज आहे. २००१-०२ साली शेतकऱ्यांच्या आणि ठेवीदारांच्या पैशातून सुमारे १५० कोटी रुपये सरकारी रोखे खरेदी करण्यासाठी खासगी दलाल कंपन्यांच्या हवाली करण्यात आले. त्यांत वाशी येथील होम ट्रेड ही कंपनी होती. पैसे गेले, रोखे आले नाहीत. वर्धा आणि उस्मानाबाद येथील जिल्हा बँकांनाही याच कंपनीच्या व्यवहारांत चटके बसले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, होम ट्रेड ही अंधाऱ्या गल्लीतील पेढी नव्हती. क्रिकेटचे आणि चित्रपटसृष्टीचे सर्वांत तेजस्वी तारे तिच्या जाहिरातींत झळकत होते आणि त्या जाहिराती देशभर घराघरांतील पडद्यांवर दिसत होत्या. अर्थवाहिनी तेव्हा दोन वर्षांची झाली होती. कंपनीचे नाव पडद्यावर सर्वत्र होते. तिचा हिशेब कोठेच नव्हता.

पुढील इतिहास ताळेबंदापेक्षा दुःखद आहे. या खटल्याचा निकाल लागण्यास डिसेंबर २०२३ उजाडला. नागपूरच्या न्यायालयाने बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि तिघांना मुक्त केले. मधल्या काळात बँक दुबळी झाली, तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळेनासा झाला, आणि २०१४ साली केंद्राने ज्या २३ जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनास मान्यता दिली त्यांत महाराष्ट्रातील नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन होत्या. तिन्ही बँका विदर्भातल्या. पेरणीच्या तोंडावर ज्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी सावकाराचे दार ठोठवावे लागले, त्याने शेअर बाजाराचे तोंडही पाहिलेले नव्हते. बाजारात न गेलेल्या माणसाचीही पुंजी बाजारात बुडू शकते, म्हणून अर्थवार्ता हा केवळ शेअरवाल्यांचा विषय राहत नाही. त्यानंतरही २०१३ आणि २०१४ या लागोपाठच्या वर्षांत श्रीसूर्या आणि वासनकर या गुंतवणूक योजनांची प्रकरणे याच शहरात उघडकीस आली आणि निवृत्तांच्या ठेवी अडकल्या. दरमहा मिळणाऱ्या मोठ्या परताव्याचे आश्वासन हीच धोक्याची पहिली खूण असते, एवढे एक वाक्य त्या लोकांच्या कानी त्यांच्या भाषेत रोज पडते, तर त्यांतील काही घरे तरी वाचली असती, असे आम्हांस राहून राहून वाटते.

आता दुसरा दोष. चोवीस तास बोलत राहायचे म्हटले की चोवीस तास काहीतरी घडत आहे असे भासवावे लागते. कंपनीचे मोल वर्षावर्षाने बदलते. पडद्यावरील भाव मात्र पळापळाला हलतो. त्या हलण्यालाच बातमी मानण्याची सवय लागली, आणि गुंतवणुकीच्या जागी सट्टा येऊन बसला. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी प्रत्येक घरात वाचली जावी अशी आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन यांच्या व्यवहारांत उतरलेल्या सुमारे १ कोटी १३ लाख व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक. २०२३-२४ मध्ये या व्यवहारांत उतरलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांहून कमी दाखविले होते. त्याच वर्षी मोठ्या दलाल पेढ्या आणि परदेशी संस्था यांनी, बहुतांशी संगणकाच्या गणितावर चालणाऱ्या सौद्यांतून, अनुक्रमे सुमारे ३३ हजार आणि २८ हजार कोटी रुपयांचा ढोबळ नफा मिळविला. पडदा दोघांपुढेही तोच होता. फळ मात्र एकाच्या ओंजळीत पडले.

आणि कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी? जानेवारी २०२१ मध्ये सेबीने एका हिंदी अर्थवाहिनीच्या निवेदकावर ठपका ठेवला की, कार्यक्रमात जो शेअर घेण्याची शिफारस व्हायची तो त्याच्या नातलगांच्या खात्यांतून आदल्या दिवशीच घेतला जाई आणि शिफारशीनंतर विकला जाई. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका हिंदी अर्थवाहिनीवर येणाऱ्या ‘तज्ज्ञ’ पाहुण्यांबाबत याच स्वरूपाचा अंतरिम आदेश निघाला आणि १५ जणांविरुद्ध सुमारे ७ कोटी ४१ लाख रुपयांच्या रकमेला अटकाव करण्यात आला. मूठभरांच्या दोषासाठी सर्वांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे आम्हांस मान्य नाही. या वाहिन्यांत प्रामाणिक आणि अभ्यासू पत्रकार पुष्कळ आहेत. परंतु ज्यांच्या शब्दाने भाव हलतो त्यांचा स्वतःचा त्या भावात किती स्वार्थ आहे, हे प्रेक्षकाला कळलेच पाहिजे. मालकीचा प्रश्नही याच पंक्तीतला. सीएनबीसी-टीव्ही१८ ज्या समूहात आहे त्याचे नियंत्रण २०१४ साली रिलायन्सकडे गेले. एनडीटीव्हीची मालकी २०२२ साली अदानी समूहाकडे आली. ज्यांच्या कंपन्यांची बातमी द्यायची तेच बातमी देणाऱ्याचे मालक झाले. मालकाने हस्तक्षेप केला असे आम्ही म्हणत नाही. न्यायाधीश वादीच्या घरी बिऱ्हाडाला राहिला, तर त्याचा निवाडा खरा असूनही लोकांना पटविणे कठीण जाते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तिसरी उणीव आमच्या मनाला अधिक लागते, कारण ती आमच्या घरची आहे. देशाची आर्थिक राजधानी महाराष्ट्रात, सर्वाधिक गुंतवणूकदार महाराष्ट्रात, या वाहिन्यांचे प्रमुख स्टुडिओही मुंबईत, आणि तरीही इंग्रजी, हिंदी, गुजरातीनंतर केवळ अर्थवार्तेला वाहिलेली मराठी वाहिनी अद्याप प्रस्थापित झालेली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. अर्थशास्त्र मराठीत मावत नाही अशी सबब कोणी सांगू नये. व्यापार, उद्योग आणि शेती यांवर मराठी नियतकालिकांनी कित्येक पिढ्या सकस लेखन केले आहे. भाषेचा प्रश्न केवळ अभिमानाचा नाही, तो दृष्टीचा आहे. भारत सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठविले आणि ती सवलत पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. मुंबईच्या पडद्यावर ही वार्ता कापड गिरण्यांच्या शेअरला अनुकूल म्हणून हिरवी दिसणार. परंतु दिवाळीच्या आगेमागे बोंडे वेचणाऱ्या विदर्भाच्या शिवारात तिचा रंग तांबडा असतो. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे स्थगित केले आणि त्या स्थगितीला पुढे वारंवार मुदतवाढ मिळत गेली. याचा कळमन्याच्या बाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्याच्या भावावर परिणाम झाला की नाही, झाला तर कोणता, हे उलगडून सांगणारा अर्थवार्ताहर आम्हांला मराठीत हवा आहे. मुंबई दूरदर्शनवरील ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमाने शेतीचे शास्त्र मराठीत घरोघर नेले. त्याच निष्ठेने पैशाचे शास्त्र का नेता येऊ नये?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ज्या उद्योगसमूहांनी या व्यवसायात यश मिळविले त्यांनी मराठीत पूर्णवेळ अर्थवाहिनी काढावी. ते होईपर्यंत चालू मराठी वृत्तवाहिन्यांनी रोज एक ठरावीक तास केवळ अर्थकारणाला द्यावा, आणि त्यात शेअरच्या शिफारशींऐवजी सहकारी बँका, पतसंस्था, विमा, निवृत्तिवेतन, कापूस आणि संत्री यांना स्थान मिळावे. शिफारस करणाऱ्या प्रत्येकाचा स्वार्थ, आणि मालकाशी संबंधित कंपनीची बातमी असेल तेव्हा ते नाते, सरकत्या पट्टीत नव्हे तर ठळक अक्षरांत व स्पष्ट उच्चारांत सांगितले जावे. जाहिरातदाराचे हिशेब तपासण्यासाठी प्रत्येक वाहिनीने स्वतंत्र बातमीदार नेमावेत आणि त्यांपैकी काही जिल्ह्याच्या गावी राहावेत. या मागण्या करताना आम्ही स्वतःस वगळीत नाही. जाहिरात वर्तमानपत्रेही छापतात. तिच्या पलीकडचा हिशेब विचारण्याचे कर्तव्य आमच्याही शिरावर आहे, आणि त्यात कसूर झाली तर वाचकांनी आम्हांला खडसावावे.

शेवटी दोन शब्द वाचकांशी. पडद्यावरचा माणूस आपला भाऊबंद नाही. तो आपल्या मुलीच्या लग्नाची किंवा म्हाताऱ्या आईच्या औषधाची तरतूद जाणत नाही. त्याचे ऐकावे, पण कंपनी काय करते, तिच्यावर कर्ज किती आहे आणि नफा खरोखर हातात येतो की कागदावरच राहतो, या तीन प्रश्नांची उत्तरे स्वतःला देता येईपर्यंत रुपयाही हलवू नये. उधारीचा पैसा बाजारात नेऊ नये. अमुक दराने हमखास परतावा देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परतवावे. थेंबे थेंबे तळे साचे, हे तलावाकाठच्या सक्करदरेकरांस आम्ही काय सांगावे! पण तळे साचण्यास पिढी लागते आणि फुटण्यास एक भगदाड पुरते. अर्थवाहिनीने त्या बांधावर राखणदार म्हणून उभे राहावे. पाव शतकात तिने पाण्याची पातळी मोजण्याची कला उत्तम साधली आहे. आता बांधाला भेग कोठे पडली आहे ते ओरडून सांगण्याचे धैर्य तिने दाखवावे, आणि ते आमच्या लोकांना समजेल अशा मराठीत दाखवावे.